सफीनाझची पहिली पसंती

आमच्या इजिप्तमधल्या टांटा शहरात बारावीचा निकाल लागला की पोरांपेक्षा बापांची झोप जास्त उडते. कॉलेजांच्या पसंतीची यादी सरकारी वेबसाइटवर भरायची. मग सरकार गुण बघून, वरून खाली जिथे बसेल तिथे पोराला बसवतं. माझ्या सफीनाझने सगळ्यात वर लिहिलं : विज्ञान शाखा, म्हणजे गणित. कॉम्प्युटरचं नावच नाही.

"अगं, गणित एवढं येतं, मग कोडिंग का नको?"

"बाबा, उत्तर मला कळलंय. ते यंत्राला समजावत कशाला बसू?"

(पाटबंधारे खात्यातल्या माझ्या बावीस वर्षांत मला उत्तर कळलेलं नाही आणि यंत्रही. पण ते असो.)

त्यातच वरच्या मजल्यावरचे हाजी बसयूनी जिन्यात भेटले. "गणित शिकून पोरगी काय करणार, रमझी? आमचा बघ, कोडिंगवर जर्मनीला गेला." झालं.

दुसऱ्या दिवशी, यादीच्या शेवटच्या दुपारी, मायलेकी मोलोखियाची पालेभाजी आणायला गेल्या. वेबसाइटच्या पासवर्डाचा कागद टेबलावरच होता. मी कॉम्प्युटरचं कॉलेज शोधलं आणि उचलून सगळ्यात वर नेऊन ठेवलं. त्या परत आल्यावर मी इतक्या निरागसपणे भाजी निवडायला बसलो, की बायकोने कपाळाला हात लावून ताप पाहिला.

संध्याकाळी सफीनाझ वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर, गुणगुणत, कसलंसं गणित सोडवत होती. कुणी सांगितलेलं नव्हतं, आपली मजेत. तेव्हा मी चरकलो. हे काय करून बसलो मी? धावत जाऊन बघतो तर वेबसाइट बंद झालेली. पुढचे पाच दिवस घास उतरेना. ऑफिसात एका गावचं पाणी मी दुसऱ्याच गावाला लिहून दिलं.

निकालाच्या सकाळी मला राहवेना. रडत रडत सगळं कबूल केलं.

"माहीत आहे," सफीनाझ म्हणाली आणि फोन पुढे केला. विज्ञान शाखाच मिळाली होती. "कॉम्प्युटरला गेल्या वर्षी प्रवेश मिळालेला शेवटचा मुलगासुद्धा माझ्यापेक्षा चार टक्के वर होता. तुम्ही वर काहीही लिहिलं असतं तरी मी खाली विज्ञानालाच येणार होते."

"मग कागद मुद्दाम ठेवलास?"

"नाही तर तुमच्या जिवाला चैन पडलं नसतं."

मला भरून आलं. तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "भाजी घेऊन आम्ही दहा मिनिटांत परत आलो होतो. तुमचं होईना म्हणून तासभर जिन्यात बसलो. अजून माझी कंबर धरलेली आहे."