रघुपतीची अठरा हजार पावलं

रघुपतीनं ठरवलं, संशोधनाला हात द्यायचा. (डोकं कुणी मागितलंच नव्हतं.) साठीतल्या साखरवाल्या माणसाला चालवलं तर रक्तातली साखर किती उतरते, हे बघायला कुंभकोणमहून माणसं त्याच्या गावात, तमिळनाडूतल्या गोविंदपुरमात आली होती. त्यातल्या रम्या नावाच्या पोरीनं त्याच्या मनगटावर पावलं मोजायचा पट्टा बांधला. रोज सहा हजार, असं तमिळात तीनदा बजावलं.

बायकोनं, वेंकटलक्ष्मीनं, तिथंच करार केला. सहा हजार भरले की दुसऱ्या सकाळी काप्पी, म्हणजे कॉफी, गोड. नाही भरले, तर कडू.

पहिल्या दिवशी रघुपती देवळापर्यंत गेला, आला. दोन हजार. पट्ट्याला त्यानं अशी शिवी दिली की शेजारचं कुत्रं उठून गेलं. सकाळी काप्पी कडू.

त्या दिवशी पूजेला बसताना रबर सोवळ्यात चालत नाही म्हणून पट्टा झोपाळ्याच्या साखळीला अडकवला. वेंकटलक्ष्मी झोपाळ्यावर झोके घेत देवाचे हार गुंफत होती. नैवेद्य झाल्यावर बघतो, तर साडेचार हजार! प्रत्येक झोका पट्ट्यानं पाऊल म्हणून मोजला होता.

दुसऱ्या दिवसापासून पट्टा केळीच्या सोपटानं झोपाळ्याच्या फळीखाली बांधलेला. मग सदऱ्याच्या बाह्या खाली ओढून, फिरून येतो म्हणून रघुपती बाहेर पडायचा आणि वेशीवरच्या पारावर पसरायचा. इकडे बायको हार गुंफायची, भाजी चिरायची, शेजारणीशी बोलायची, सगळं झोपाळ्यावर. ती जितकी बोलेल तितका हा चालायचा. नवव्या दिवशी अठरा हजार झाली. रोज दोन पेले गोड काप्पी. यजमान कसे चालतात, हे तिनं गावभर सांगितलं. हाही मान डोलवायचा.

महिन्यानं रम्या रक्ततपासणीचा कागद घेऊन आली. तिचा चेहरा उतरलेला. साखर खाली यायची ती वर गेली होती. एवढं चालूनही हे, म्हणजे चालण्याचा उपयोग नाही. डॉक्टर आता भात बंद करून इन्सुलिनची सुई लावतील, असं तिनं हळूच सांगितलं.

"भात बंद?" रघुपती भडकला. "कशाला बंद? मी एक पाऊल चाललो नाही! झोपाळा चालला!"

वेंकटलक्ष्मी उठली, वाकली, फळीखालचं सोपट बघितलं. आता भांडं अंगावर येणार म्हणून रघुपतीनं डोकं धरलं. पण ती रम्याकडं वळली.

"अठरा हजार माझी, हो ना? कागदावर माझं नाव घाल, पोरी."

रम्यानं हसू दाबत सगळं खोडलं. पहिल्यापासून सुरुवात, आणि पट्टा मनगटावरच.

दुसऱ्या सकाळी रघुपती खरंच चालून आला. घामाघूम. वेंकटलक्ष्मी झोपाळ्यावर बसून गोड काप्पीचा दुसरा पेला पीत होती. करार तो करार, म्हणाली. पावलं माझी, तेव्हा महिनाभराची माझी थकबाकी आहे, तुम्ही अजून एक फेरी मारून या.