ओल हाय का?

शेजारच्या तात्यांना कुणी “कसं काय?” विचारलं, की ते आधी खाली बसतात, जवळच्या डाळिंबाच्या बुडात बोट खुपसतात, ते निरखून बघतात आणि मग म्हणतात, “बरं हाय.” माती सुकलेली निघाली, तर त्यांचीही तब्येत त्या दिवशी यथातथाच असते.

निरवांगी गावात आमच्या आणि त्यांच्या घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे. पलीकडे ते एकटेच राहतात, डाळिंबं आणि ठिबकच्या नळ्या घेऊन. “पाटानं नगं, थेंबानं,” हे त्यांचं ब्रह्मवाक्य. लग्नाच्या पंगतीत वाढपी भातावर आमटी ओततो, त्यालाही ते हेच ऐकवतात. कुणाचा नळ वाहताना ऐकू आला, तर न विचारता जाऊन बाहेरचा कॉक बंद करतात. एकदा आत माझे बाबा होते, डोळ्यांना साबण लावून.

मी बारामतीच्या इंग्रजी शाळेत शिकले आणि मुळातच कमी बोलते. तात्यांनी माझा एका वाक्यात निकाल लावला होता, “ही पोरगी ठिबकवर हाय.”

मागच्या हिवाळ्यात ताई चार महिन्यांच्या परीला घेऊन माहेरी आली आणि परीला सर्दी झाली. नाक चोंदलेलं. दोन घोट प्यायची, श्वासासाठी सोडायची आणि रडायची. इंदापूरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, “वरचं पाणी अजिबात नको. आधी नाकात सलाईनचे थेंब, मग अंगावरचं दूध. थोडं थोडं, पण सारखं पाजा. लंगोट कोरडे राहायला लागले, तर लगेच घेऊन या.”

आईनं हे भिंतीवरून तात्यांना सांगितलं. तिथंच चुकलं.

“म्हंजी ठिबकच की, वैनी!” तात्या खुलले. “डॉक्टरीण शेतकऱ्याची दिसती.”

मग रोज भिंतीवरून हाक यायची, “ए पोरी, ओल हाय का?” मी मान हलवायची. “मान नगं हलवू, त्वांडानं सांग!” डेअरीला दूध घालायला निघालेल्या बायका थांबून बघायच्या. मी मरणाची लाजायची.

“त्यांना सांग,” ताई आतून चिडायची, “ही मुलगी आहे, डाळिंब नाही.”

मग एका दुपारी परीनं दूध तोंडात धरायचंच सोडलं. लंगोट बदलायला गेले, तर कोरडा. बाबांनी गाडी काढली. तात्या नुकताच ठिबकचा कॉक सोडून भिंतीपाशी आले होते. “ओल हाय का?”

मी मान हलवली. न्हाय. या वेळी ते त्वांडानं सांग म्हणाले नाहीत.

इंदापुरात डॉक्टरीणबाईंनी परीचं नाक साफ केलं, तपासलं आणि समोर बसवून ताईला पाजायला लावलं. परी प्यायली. थांबली, पुन्हा प्यायली. तासाभरानं पुन्हा पाजून, बघून त्यांनी घरी सोडलं. येताना परी माझ्या मांडीवर होती. दारात गाडी थांबायच्या आधीच मला मांडी गरम लागली.

मी तशीच भिंतीकडे पळाले. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडले, “तात्या! ओल हाय!”

ते भिंतीला टेकून खालीच बसलेले होते, आम्ही गेलो तेव्हापासूनचे. डाळिंबाच्या ओळींत पाणी तुंबलं होतं. त्यांच्या चपला चिखलात रुतल्या होत्या.

“तात्या, कॉक चालूच राहिलाय,” मी म्हटलं.

“आसू दे,” ते म्हणाले. “तू परत एकदा सांग.”