चार गिअर मागे, एक पुढे

माईंनी निकाल दिला तेव्हा नाना गाडीखाली होते, त्यामुळे त्यांना आपली बाजू मांडायलाही मिळाली नाही. रविवारी माईंच्या थोरल्या बहिणीकडे, ताईकडे, जेवायला जायचं आणि आपल्याच गाडीने जायचं. गाडी धड पोचली तर राहील. वाटेत एकदा जरी ढकलावी लागली, तर सोमवारी ती भंगारात आणि गॅरेजमध्ये माईंचं शिलाई मशीन. एवढं बोलून माईंच्या चपला घरात गेल्या. गाडीखालून नानांना तेवढ्याच दिसत होत्या, पण त्या चपलांची चालच अशी होती की पुढे अपील करण्यात अर्थ नव्हता.

तसं माईंचंही काही चुकत नव्हतं. गेलं वर्षभर गाडीच्या मागून असा आवाज येत होता की जणू डिकीत कुणाला तरी कोंडलंय. दोष होता डिफरन्शियलचा. डिफरन्शियल म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधोमध बसलेला दातेरी चक्रांचा लोखंडी गोळा. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचवायची हे त्याचं काम. त्याचे दात झिजले होते आणि तसला गोळा आता कुठे मिळत नव्हता. पण नानांचा त्या गाडीवर फार जीव. लेक जन्मली तेव्हा तिला दवाखान्यातून याच गाडीने घरी आणलं होतं, आणि आता ती लांब राहायला गेल्यावर रोज सकाळी फडक्याने पुसायला नानांना दुसरं होतं तरी काय?

अशा वेळी धावून आला तो मेहुणा. माईंचा हा धाकटा भाऊ म्हणजे उंटावरचा शहाणा. त्याला जगातली कुठलीही वस्तू उघडता येत असे. मिटायला मात्र माणूस बोलवावा लागे. त्याने याच गाडीच्या नव्या मॉडेलची एक अपघातात चेपलेली गाडी शोधून काढली आणि तिचा गोळा उचलून आणला. कंपनी तीच, गाडी तीच, फक्त नवी, आणि नवं ते जुन्यापेक्षा सरस असणारच, हे त्याने नानांना इतक्या ठामपणे सांगितलं की नानांना आपण हे आधीच म्हणायला हवं होतं असं वाटलं.

शनिवारी दोघांनी कपडे काळे करून तो बसवला. बोल्टांची भोकं बरोबर जुळली तेव्हा मेहुण्याने नानांना चक्क मिठी मारली. मग मागची चाकं जॅकवर उचलली, मेहुण्याने आत बसून पहिला गिअर टाकला आणि नाना चाकाशी उकिडवे बसून ऐकू लागले. कण्हणं नाही की कुरकुर नाही, चाक लोण्यातून फिरल्यासारखं फिरत होतं. नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. चाक कुठल्या बाजूला फिरतंय हे पाहण्याचं दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. नाना कान लावून बसले होते, डोळे नाही. घरी जाताना मेहुण्याने जुना गोळा परस्पर भंगारवाल्याकडे टाकला, उगीच माईंच्या दारात अडगळ नको म्हणून.

रविवारी माई ठेवणीतले कपडे घालून, मांडीवर खाऊचा डबा घेऊन पुढच्या सीटवर बसल्या. गाडीचं तोंड गॅरेजच्या भिंतीकडे होतं. नानांनी ऐटीत रिव्हर्स टाकला आणि गाडी सरळ पुढे जाऊन भिंतीवरच्या फळीला धडकली. रंगाचा एक डबा बॉनेटवर आला. नाना म्हणाले, गिअर चुकला. त्यांनी पुन्हा नीट बघून रिव्हर्स टाकला. या वेळी सगळी फळी आली आणि जाता जाता माईंच्या बाजूचा आरसा घेऊन गेली.

"आपल्याला बाहेर जायचंय ना?" माईंनी शांतपणे विचारलं.

नानांनी चिडून पहिला गिअर हाणला, आणि गाडी अलगद मागे सरकत फाटकातून रस्त्यावर आली. झालं, निघाली एकदाची, म्हणून त्यांनी पुढे जाण्यासाठी पुन्हा पहिला टाकला, तर ती आणखी मागे गेली आणि शेजारच्या हेडमास्तरांच्या दोन कुंड्या उलथून थांबली. हेडमास्तर हातात झारी घेऊन नुसते बघत राहिले. नानांनी मेहुण्याला फोन लावला. पलीकडून बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज येत राहिला.

"भावोजी, त्या नव्या मॉडेलचं इंजिन उलट्या बाजूने फिरतं असं वाचल्यासारखं वाटतंय. म्हणून त्याचा गोळाही उलटाच."

"कधी वाचलंस?"

"आत्ता."

नानांनी फोन ठेवला आणि माईंना जमेल तितक्या सहजपणे समजावलं. पूर्वी गाडीला चार गिअर पुढे जायला होते आणि एक मागे यायला. आता चार मागे आणि एक पुढे, बाकी गाडी उत्तम आहे. माईंनी एकदा गॅरेजकडे पाहिलं. शिलाई मशीन त्यांना तिथे दिसूही लागलं असणार. पण कालच ताईने फोनवर, नेहमीच्या त्या कनवाळू आवाजात, गाडी पाठवू का म्हणून विचारलं होतं आणि माईंनी तोऱ्यात सांगितलं होतं की आम्हाला आमची गाडी आहे. आता माघार घेतली तर ताई पुढची दहा वर्षं कनवाळूपणा करणार.

"चला," माई म्हणाल्या. "पुढे जाते ना? मग झालं."

तेव्हा नानांनी पुढे जाण्यासाठी रिव्हर्स टाकला आणि गाडी निघाली. इंजिन बोंबलत होतं आणि वेग असा की कुत्र्याला फिरवायला निघालेल्या एक आजीबाई त्यांना मागे टाकून गेल्या. तेही चाललं असतं. पण दोन वर्षांपूर्वी नानांनी हौसेने रिव्हर्सला एक बोलणारा भोंगा जोडला होता. रिव्हर्स पडला की त्यातली बाई खणखणीत आवाजात म्हणायची, "सावधान, गाडी मागे येत आहे." आता गाडी पुढे चालली होती आणि ती बाई सगळ्या रस्त्याला गाडी मागे येत असल्याचं सांगत होती. मागचे दिवेही पेटलेले. मागची रिक्षा घाबरून मागे सरली, तिच्यामागचा टेम्पो मागे सरला, त्याच्यामागची बस हॉर्न वाजवत बसली. पाहता पाहता नानांच्या मागे अख्खा रस्ता मोकळा झाला आणि त्या मोकळ्या रस्त्याच्या शेवटी शिव्यांचा नुसता पाऊस. भोंग्याची वायर काढावी तर ती नानांनी स्वतः बसवलेली, म्हणजे पक्की.

चौकात वाहतूक पोलिसाने हात केला.

"मागे मागे कुठं निघालात?"

"मागे नाही हो, पुढेच चाललोय."

"गाडी तर मागे येतेय म्हणतेय."

"ती खोटं बोलतेय."

पोलिसाने नानांचं तोंड हुंगून पाहिलं. मग म्हणाला, "पहिला गिअर टाका आणि सरळ चालू लागा."

नानांनी परोपरीने सांगितलं की पहिला टाकला तर मागे जाईल. पोलीस म्हणाला, दाखवा, आणि कमरेवर हात ठेवून गाडीच्या मागे उभा राहिला. नानांनी पहिला टाकला. गाडी झपकन मागे आली. रिव्हर्स नसल्यामुळे ती बाई या वेळी एक अक्षर बोलली नाही, आणि पोलिसाला उडी मारून फुटपाथ गाठावा लागला. टोपी सरळ करत तो थोडा वेळ विचार करत राहिला. बहुधा कुठलं कलम लावावं हेच त्याला सुचत नव्हतं. शेवटी त्याने बाजूची गल्ली दाखवली आणि माझी ड्यूटी संपेपर्यंत या रस्त्याला दिसू नका म्हणून सांगितलं.

गल्लीत अर्ध्यावर इंजिन तापलं. काटा लाल पट्टीला टेकला आणि बॉनेटमधून वाफ येऊ लागली. नानांनी गाडी बाजूला घेऊन बंद केली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिले. ताईचं घर अजून बरंच लांब होतं आणि तिथपर्यंत या एका गिअरवर गाडी जाणार नव्हती.

"हरलो मी," ते म्हणाले. "उद्या भंगारवाल्याला येऊन घेऊन जा म्हणून सांगतो. तुझं मशीन लाव तिथे."

त्यांचा आवाज असा काही झाला की माईंना कसंतरीच वाटलं. ज्या गोष्टीसाठी त्या वर्षभर भांडत होत्या ती हातात आली होती आणि आता ती घेववेना.

"त्या बाजूला चार गिअर आहेत म्हणालात ना?" त्या म्हणाल्या. "मग थोडी निवू दे, आणि गाडी फिरवून पाठमोरी चालवा की."

नानांची मान वळत नव्हती. डॉक्टरांनीच वळवू नका म्हणून बजावलं होतं. एक आरसा गॅरेजमध्ये पडलेला, आणि आतल्या आरशात धुळीशिवाय काही दिसत नव्हतं. माईंनी डबा खाली ठेवला, उतरून मागच्या सीटवर गेल्या, गुडघ्यांवर उभ्या राहिल्या आणि मागच्या काचेला नाक लावलं. मी बघते, तुम्ही चालवा, म्हणाल्या.

आता, नाना गाडी चालवताना माईंनी तोंड उघडायचं नाही हा त्या घरातला लग्नापासूनचा कायदा होता. त्यापायी दोघं अनेकदा भलत्याच गावाला पोचले होते, पण नानांनी कधी कुणाला रस्ता विचारला नव्हता. पाठमोरी गाडी चालू झाली, माई सवयीने गप्पच राहिल्या आणि मागचं चाक फुटपाथवर चढलं.

"अगं, बोल ना काहीतरी," नाना काकुळतीला येऊन म्हणाले.

मग माई बोलू लागल्या. जरा दुकानांच्या अंगाला घ्या. आता सरळ. सायकलवाला आहे, जाऊ द्या त्याला. नाना म्हणत, हो. नाना म्हणत, घेतली. मधेच विचारत, आता कुठे गं? दुसरा गिअर पडला, तिसराही पडला. गाडी आवाज न करता पळू लागली. रस्ता आधी माईंना दिसत होता आणि मग नानांना. समोरून येणारी माणसं काचेतल्या माईंना बघून थबकत होती आणि माईंनी त्यातल्या एकदोघांना हातही केला.

ताईचं घर चिंचोळ्या बोळाच्या टोकाला. ताई आणि नानांचे साडू पायरीवरच उभे होते. साडूंची गाडी नवी, मोठी, पण त्या बोळात रिव्हर्स घेताना दर वेळी कुठे ना कुठे घासायची. त्यांच्या देखत नानांची गाडी पाठमोरी, एका दमात, दोन्ही भिंतींना न शिवता आत आली आणि थेट पायरीशी थांबली. साडूंचा वासलेला आ मिटेना. ताई नवऱ्याकडे वळून म्हणाली, "बघा, याला म्हणतात गाडी चालवणं." माईंनी मान किंचित कलती करून हे कौतुक स्वीकारलं, आणि नानांनी झाकली मूठ झाकलीच ठेवली.

जेवणं झाली. परत निघायची वेळ झाली तेव्हा नाना गाडीशी येऊन हळूच म्हणाले की ठरल्याप्रमाणे गाडी राहतेय त्याबद्दल आभार, आणि उद्याच कुठूनही शोधून योग्य तो गोळा बसवून टाकतो, पुन्हा तुला असा त्रास नाही.

माई मागच्या सीटवर गुडघ्यांवर बसून काच पुसत होत्या.

"गाडी राहू दे, गॅरेजही तिचंच राहू दे," त्या म्हणाल्या. "पण त्या गोळ्याला हात लावायचा नाही."

"अगं, पण का?"

"इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा तुम्ही मला विचारलंत, कुठे वळू म्हणून."

नानांनी गाडी चालू केली, गिअरच्या दांड्यावर हात ठेवला आणि माई काय सांगतात याची वाट पाहत बसले.