साल काय, मागाहून काढू!

"झाडं तोडणं म्हणजे काय मोठं शास्त्र लागून गेलंय का?" थोरले जावई म्हणाले, आणि पाय प्लास्टरमध्ये घालून पडलेल्या सासऱ्यांनी निलगिरीची तोड त्यांच्यावर सोपवली. वीस वर्षांत कागद कारखान्याच्या फाटकातून सासऱ्यांचा एकही ट्रक परत आला नव्हता. म्हातारा हे दिसेल त्याला ऐकवायचा!

जावई शाळेत भूमितीचे मास्तर. लागवडीत पाऊल टाकताच त्यांना मजुरांची पद्धत खटकली. एक झाड पाडायचं, तिथंच सोलायचं, मग दुसरं!

"हा काय पोरखेळ? आधी सगळी झाडं पाडा. साल मागाहून एकदम काढू!"

"साहेब, साल ओली आहे तोवरच सुटते," मुकादम म्हणाला. "सालीसकट माल कारखाना घेत नाही. कागदावर काळे ठिपके येतात."

"आता तुम्ही मला शिकवणार?"

मुकादमाने मजुरांना कुऱ्हाडी उचलायला सांगितलं. तीन दिवसांत सगळी झाडं आडवी! मास्तरांनी ढिगाऱ्याचा फोटो यच्चयावत नातेवाइकांना पाठवला. पण आठवडाभर उन्हात पडल्यावर साल लाकडाला अशी चिकटली, की कोयत्यांची धार गेली, साल काही जाईना.

"भिजवू या!" मास्तर म्हणाले.

जवळ पाणी होतं ते मेहुणीच्या मासळीच्या तळ्यात. ओंडके आत गेले, पाणी काढ्यासारखं तपकिरी झालं आणि मासे वर येऊन तोंडं वासू लागले.

"भाऊजी, अहो, माझे मासे!"

ओंडके बाहेर. साल जागच्या जागी. आणि ट्रक दारात!

ड्रायव्हरने एक नजर टाकली. "हा माल फाटकातूनच परत येईल."

मग बायको कोयता घेऊन बसली, सासूबाई बसल्या, मास्तरांच्या तळहातांना फोड आले. दुपारपर्यंत अकरा ओंडके सोलून झाले. राहिले होते नऊशे.

तेवढ्यात कुबड्या टेकत सासरे आले. मास्तरांना मान वर करवेना. म्हाताऱ्याने ढिगाऱ्याकडे पाहिलं आणि कारखान्यात फोन लावला. "साहेब, यंदा माझा माल जळणाला जाणार. साल वेळेवर काढली नाही. चूक माझीच."

मास्तरांचे कान तापले, डोळे भरून आले. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं!

"बाबा, पुढच्या वेळी मी..."

"बुंध्यांना फुटवे येतील. चार-पाच वर्षांनी पुन्हा तोड आहेच," सासरे म्हणाले. "तुम्ही अगत्याने या, जावईबापू. जेवायला!"