डक्टमधलं रडणं

एकट्या राहणाऱ्या माणसाने बाथरूमचं दार लावावं की लावू नये, हा काही फार मोठा प्रश्न नाही. माझी बायको उत्तरा गेल्यापासून मी ते लावत नव्हतो. लावून कोणापासून काय लपवायचं? पण एका सोमवारी सकाळी मी ते लावलं, आतून कडीही घातली, आणि त्यानंतर आमच्या इमारतीत जे काही झालं त्याला ती कडी जबाबदार आहे. (मी जबाबदार नाही, असं म्हणायची सवय मला ऑफिसात लागली. मरोळला लिफ्टचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी परचेसमध्ये आहे. आमच्याकडे जबाबदार नेहमी समोरचा असतो.)

दार लावलं ते शाईमुळे.

शाई म्हणजे मांजर. सयामी जातीची. माझी मुलगी गार्गी पुण्याला नोकरी करते. तिची मैत्रीण प्रियंका नवऱ्याबरोबर परदेशी निघाली आणि मांजर मागे राहिलं. गार्गीचा फोन आला.

"बाबा, तू ठेवशील का तिला? ही ब्रीड खूप सोशल असते रे."

"मी नाहीये सोशल."

"म्हणूनच तर विचारतेय."

"बघू," मी म्हणालो.

माझं 'बघू' म्हणजे नाही, हे उत्तराला कळायचं. मुलीला ते कळत नाही, किंवा कळूनही ती कळत नसल्यासारखं करते. त्याच शनिवारी बास्केट दारात हजर झाली.

मांजर म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर मासळीबाजारातला एक कान फाटलेला, कोणालाही न भिणारा बोका यायचा. बास्केटमधून जी बाहेर आली ती वेगळ्याच घराण्यातली होती. अंग सायीच्या रंगाचं आणि इतकं सडसडीत, की वळताना आत हाडं आहेत की नाहीत अशी शंका यावी. तोंड, कान, पंजे आणि शेपूट मात्र दौतीत बुडवून काढल्यासारखी. म्हणून शाई. चेहरा निमुळता, त्या चेहऱ्याच्या मानाने कान भलतेच मोठे, आणि डोळे निळे. गार्गीने सांगितलं की ही मांजरं जन्मतात तेव्हा पांढरी असतात, आणि अंगाचा जो जो भाग थंड राहतो तो हळूहळू काळा पडत जातो. का कोण जाणे, हे वाक्य घेऊन मी बराच वेळ सोफ्यावर बसून होतो.

दिसण्याचं एक ठीक आहे. स्वभाव मात्र एखाद्या लग्नघरातल्या मावशीचा. मी स्वयंपाकघरात गेलो की शाई स्वयंपाकघरात. कुकरच्या शिट्ट्यांवर तिची देखरेख. मी पेपर उघडला की ती बरोबर त्याच बातमीवर बसणार. आणि बोलणार! 'किल्ली कुठे गेली?' असं मी स्वतःशी पुटपुटलो, तरी कपाटावरून उत्तर येतं. उत्तर निरुपयोगी असतं, पण येतं. त्या घरात वर्षभर माझ्या एकाही प्रश्नाला उत्तर आलं नव्हतं.

तर त्या सोमवारी मी डोक्यावर पहिला तांब्या ओतला आणि डोळे उघडले, तर उंबऱ्यावर बसून ही माझ्याकडे टक लावून बघतेय. त्या नजरेत वाईट काही नव्हतं. सहानुभूती होती. चोपन्नाव्या वर्षी, ओल्या अंगाने, सहानुभूती सोसत नाही. मी दार लावलं.

आणि शाईने गळा काढला.

सयामी मांजराच्या ओरडण्याला म्याऊ म्हणता येत नाही. तो घोगरा, लांबलचक, मध्येच चिरकणारा आवाज असतो. एखाद्या मोठ्या माणसाने रडू दाबायचा प्रयत्न करावा आणि ते त्याला जमू नये, तसा. गंमत म्हणजे मी ऑफिसला गेलो की ती दिवसभर कपाटावर शांत झोपायची. मी नसण्याबद्दल तिची तक्रार नव्हती. मी घरात असूनही नाही, हे मात्र तिला सहन होत नसे. (ही तक्रार मी यापूर्वीही ऐकली होती, पण इतक्या मोठ्या आवाजात नाही.)

आता आमच्या इमारतीत सगळ्यांच्या बाथरूमच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात. मी दुसऱ्या मजल्यावर. माझ्याखाली अंबादास, सोसायटीचा सेक्रेटरी. माझ्यावर माधुरी, उत्तराची मैत्रीण. सगळ्यात वर सुगंधाताई, ज्या सत्तरीच्या पुढे आहेत आणि अख्ख्या इमारतीला अरे-तुरे करतात. डक्ट हेच आमचं आकाशवाणी केंद्र. अंबादासला खाली सर्दी झाली की सुगंधाताई वर काढा उकळत ठेवतात.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी माधुरी दारात उभी राहिली. हातात डबा.

"भाऊजी, साबुदाण्याची खिचडी केली होती. जास्त झाली."

"अहो, कशाला..."

"खा हो." तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. "आणि मनात ठेवू नका काही. नळ सोडला म्हणून ऐकू येत नाही, असं नसतं."

ती गेली. मी डबा घेऊन उभा. माझ्या नळाचा हिला त्रास होतो की काय, एवढंच मला कळलं.

दुसऱ्या दिवशी अंबादासने गेटवर गाठलं. तो टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला, उभा आडवा माणूस. कोणाच्या खांद्यावर हात ठेवायची त्याला सवय नाही, त्यामुळे त्याने तो थापच मारल्यासारखा ठेवला.

"मधू, चल, चहा मारू."

"आत्ता?"

"आत्ताच. यार, पुरुष माणसाने रडू नये असं कोणी सांगितलं? मी बायकोला म्हटलं, वर्षभर दगड झाला होता हा, आता फुटला. बरं झालं. रड तू. बिनधास्त रड."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

खुलासा करायला मी तोंड उघडलं होतं. अगदी खरं सांगतो. "अरे अंबादास, ते मांजर..." एवढं जिभेवर आलंही होतं. तेवढ्यात तो म्हणाला, "उत्तरा वहिनी म्हणजे... मला मीटिंगमध्ये एकदा काय झापलं होतं रे तिने! पाण्याच्या टायमावरून. सगळ्यांसमोर वाट लावली माझी. आणि संध्याकाळी स्वतः येऊन घावन देऊन गेली. म्हणाली, भांडण मीटिंगमधलं, घावन घरातलं."

मी तोंड मिटलं.

कारण हे मला माहीत नव्हतं. आणि उत्तराचं नाव मी कित्येक महिन्यांत दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ती गेली तेव्हा मी रडलो नाही. कामं होती; नातेवाईक होते, सर्टिफिकिटं होती, गार्गी होती. लोक म्हणाले, धीराचा माणूस. धीराच्या माणसाचा तोटा असा की त्याच्यासमोर कोणी काही काढत नाही. सगळे पावसापाण्याचं बोलतात.

आता मात्र सगळे तिच्याविषयी बोलायला लागले. माधुरीने वर चहाला बोलावलं आणि सांगितलं की उत्तराने तिला स्कूटर शिकवली होती, आरे कॉलनीतल्या रस्त्यांवर, शनिवारी सकाळी.

"शनिवारी तर ती योगाला जायची," मी म्हणालो.

"छे हो! योगाबिगा काही नाही. तुम्ही काळजी कराल म्हणून सांगितलं नव्हतं. दोनदा आपटलो आम्ही, तबेल्याजवळ."

योगाला जाऊन बाईचा गुडघा कसा फुटतो, हा प्रश्न मला त्या काळात एकदाही पडला नव्हता.

सुगंधाताईंनी तर कमाल केली. "ती दुपारी यायची ना, तेव्हा तुझी नक्कल करायची. पेपर असा धरायची, चष्मा नाकावर, आणि म्हणायची, 'बघू'! हसून हसून माझी कवळी निघायची रे मधू." आणि ताईंनी नकलेची नक्कल करून दाखवली. ती इतकी हुबेहूब होती की मला जरा रागही आला, आणि ती पुन्हा करा असं म्हणावंसंही वाटलं.

आता सांगा, अशा वेळी 'ते मांजर होतं हो' असं कोण सांगेल? सांगितलं की डबे बंद. डब्यांचं एवढं काही नाही. (थोडं आहे. माधुरीची खिचडी मोकळी होते.) पण गोष्टीही बंद. म्हणून मी रोज सकाळी दार लावत राहिलो. एखाद्या आठवड्यात कोणी काही सांगितलं नाही, की मी आत जरा जास्त वेळ थांबायचो. एकदा आंघोळ झाल्यावर, इस्त्रीचे कपडे घालून, मी पुन्हा आत जाऊन उलट्या बादलीवर बसलो. बाहेर शाईने जीव तोडून काम केलं. संध्याकाळी अळूवड्या आल्या.

डबा रिकामा परत द्यायचा नसतो, एवढं मला ठाऊक होतं. काय भरून द्यायचं, हे उत्तराला ठाऊक होतं. मी माधुरीचा डबा कच्ची तूरडाळ भरून परत केला.

"मन थाऱ्यावर नाही गं त्याचं," सुगंधाताई तिला म्हणाल्याचं मला डक्टमधून ऐकू आलं.

शेवटी एका रविवारी सुगंधाताईंनी पोह्यांच्या निमित्ताने मला वर बोलावलं. वर गेलो तर माधुरी आणि अंबादास आधीच बसलेले. गार्गी आदल्या दिवशी पुण्याहून आली होती, ती खाली अजून झोपलेली.

"मधू," अंबादास घसा साफ करत म्हणाला, "आम्ही विचार केला. तू एखाद्या डॉक्टरला भेट. मनाच्या. त्यात लाज कसली? मी येतो बरोबर."

"रोज सकाळी ऐकवत नाही हो, भाऊजी," माधुरी म्हणाली.

तिघंही माझ्याकडे इतक्या मायेने बघत होते की मला पोहे गिळवेनात. आज सांगून टाकायचं, असं मी ठरवलं. पाण्याचा घोट घेतला. आणि त्याच क्षणी ताईंच्या बाथरूममधून, डक्टमधून, वर आला तो आवाज. घोगरा, लांबलचक, मध्येच चिरकणारा.

मी समोर बसलेलो. तोंडात पोहे.

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिघांकडे पाहिलं. तोंड उघडून आवाजाशी जुळवून घ्यावं, असं क्षणभर माझ्या मनात येऊन गेलं.

"अगंबाई," सुगंधाताई छातीवर हात ठेवून उठल्या. "गार्गी! पोरगीसुद्धा!"

माझं 'अहो, ताई' कोणी ऐकलं नाही. गुडघेदुखीच्या त्या बाई लिफ्टची वाट न बघता जिना उतरल्या. मागे माधुरी, मागे अंबादास, सगळ्यात मागे हातात बशी घेऊन मी. दार नुसतं लोटलेलं होतं. सगळे आत घुसले. तेवढ्यात बाथरूमचं दार उघडून गार्गी बाहेर आली, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, तोंडाने गाणं गुणगुणत.

"बाळा, रडू नकोस गं," म्हणत माधुरीने तिला मिठी मारली.

"कोण रडतंय?" गार्गी म्हणाली. "काय झालं? बाबा?"

उत्तर शाईने दिलं. इतकी माणसं एकदम घरात आलेली बघून ती हरखली होती. शेपूट ताठ करून ती प्रत्येकाच्या पायाशी गेली, प्रत्येकाशी दोन शब्द बोलली. त्याच आवाजात.

माधुरीने मिठी सोडली.

"म्हणजे," अंबादास म्हणाला, "मी इतके दिवस चहा पाजला तो मांजराच्या रडण्यावर?"

"मी सांगणार होतो," मी म्हणालो.

"कधी?"

"बघू, म्हटलं."

गार्गीला हसू फुटलं, मग माधुरीलाही. सुगंधाताई मात्र हसल्या नाहीत. शाई त्यांच्या मांडीवर चढून बसली होती, तिच्या काळ्या कानांमधून हात फिरवत त्यांनी विचारलं, "म्हणजे तू रडला नाहीसच? एकदाही?"

"नाही, ताई."

"बरं," त्या म्हणाल्या. एवढंच.

गार्गी परत गेली. शाईचं मात्र झकास झालं. दुपारी ती वर ताईंकडे असते, अंबादास तिच्यासाठी कोळंबी उकडून आणतो, माधुरी फोनवर तिचे फोटो दाखवते. जिन्यात भेटलं की सगळे विचारतात, "शाई काय म्हणते?" माझ्यावर कोणी रागावलं नाही. फक्त उत्तराचं नाव निघेनासं झालं. आता ते मीच काढायला हवं, हे कळत होतं. एकदा जिन्यात माधुरीला थांबवलं, मनात वाक्य जुळवलं, आणि विचारलं, "पाणी नीट येतंय ना?"

परवा सकाळी आंघोळीला बसलो. दार लावलेलं. अंगावर पाणी घेतलं, हात पुढे केला, तर साबण संपलेला. आणि मी, अगदी रोजच्यासारखं, हाक मारली, "उत्तरा, साबण दे गं."

बाहेर शाई होती. माझ्या प्रत्येक वाक्याला उत्तर देणारी. ती गप्प राहिली.

मग जे झालं त्याची मला सवय नव्हती, त्यामुळे ते फार वाईट प्रकारे झालं. नळ सोडायचंही सुचलं नाही. किती वेळ, ते सांगता येणार नाही. भानावर आलो तो वरून माधुरीचा आवाज आला.

"भाऊजी! उघडा हो दार तिला! किती रडवता त्या मुक्या जनावराला!"

त्याच्याही वरून सुगंधाताई म्हणाल्या, "आज घसा बसलाय गं तिचा. कोळंबी बाधली वाटतं."

मी डोळे पुसले. आता खरं सांगायला काहीच हरकत नव्हती. एक वाक्य पुरलं असतं. पण चोपन्न वर्षांची सवय. मी खिडकीकडे तोंड केलं आणि जमेल तितक्या मांजराच्या आवाजात म्हणालो, "म्याऊ."



मग सुगंधाताईंचा आवाज आला. "माधुरी, चहा टाक. तो मधू आहे. मांजर इतकं वाईट ओरडत नाही."