खुर्ची परत येते

तात्यासाहेबांच्या रुग्णसाहित्य केंद्रात आज व्हीलचेअर सोडून सगळं होतं. गुलमंडीतल्या त्या खोलीतून गरजूंना खुर्च्या फुकट वापरायला मिळत आणि गेलेली खुर्ची लवकर तोंड दाखवत नसे. चितेगावची शीला सकाळपासून दारात बसून होती. तिचे सासरे केरबा यांचा पाय मोडला होता आणि संध्याकाळी त्यांना दवाखान्यातून सुट्टी मिळणार होती.

"लोकं बी कमालच करत्यात," ती म्हणाली. "काम झालं की आणून टाकावं ना. लाज कशी वाटत नाय?"

तात्यासाहेबांना हे अगदी पटलं. येरझाऱ्या घालता घालता ते टेबलावरच्या लॅपटॉपकडे बघत होते. त्यात प्रेरणा आणि सत्यम ही कॉलेजची मुलं आपापल्या घरून हजर होती. संस्थांच्या अडचणी विद्यार्थ्यांनी सोडवायच्या, असा तो ऑनलाइन उपक्रम होता आणि पाच वाजता परीक्षकांपुढे उत्तर मांडायचं होतं.

"काका, लोक विसरतात," प्रेरणा म्हणाली. "आम्ही आठवणीचा मेसेज बनवलाय. आपोआप जाईल."

"आठवणीनं भागायचं नाय. जरा कडक लिहा."

सत्यमने कडक लिहिलं : 'खुर्ची आजच परत करा, नाहीतर आमचं पथक घरी येईल.' तो मेसेज त्याला आधी फक्त स्वतःला पाठवून बघायचा होता.

"सॉरी काका. सबको चला गया."

तात्यासाहेब मटकन खाली बसले. पथकात ते एकटेच होते आणि त्यांचे गुडघे दुखत होते.

लगेच फोन वाजला. "पथक कशाला धाडता, तात्या?" पलीकडून खुर्ची नेलेला धोंडिबा म्हणाला. "येतो की."

चारच्या सुमारास धोंडिबाची खुर्ची आली. तिच्यात भोपळे बसले होते. दुसरीत हुरड्याची कणसं होती. तिसरीतून साळूबाईंनी पाय बांधलेली कोंबडी आणली.

"मावशी, हे काय?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"माझा पोरगा या खुर्चीवर बरा झाला. रिकामी कशी आणू? शेजारणीची वाटी तरी आपण रिकामी देतो व्हय? कोंबडी मोठी व्हायची वाट बघत व्हते, तर तुमचं पथक निघालं."

पाच वाजता प्रेरणा परीक्षकांना लोकांच्या विसरभोळेपणाचा तक्ता दाखवत असतानाच कोंबडी सुटली आणि लॅपटॉपवर चढली.

"हे कोण?" परीक्षकांनी विचारलं.

"खुर्चीसोबत आलीय सर," सत्यम म्हणाला. तेवढ्यात कोंबडीच्या पायाने कळ दाबली गेली आणि तात्यासाहेब ऑनलाइन बैठकीबाहेर गेले.

पण खुर्च्या आल्या होत्या. तात्यासाहेबांनी भोपळे उतरवले, खुर्ची पुसली आणि शीलाच्या हवाली केली. दिवसभराची तगमग एकदाची निवली.

"लई उपकार झाले," शीलाचे डोळे भरून आले.

"पाय बरा झाला की लगेच आणून दे. अन् रिकामीच आण."

शीलाने त्यांच्याकडे रागाने पाहिलं.

"आमी काय तसली माणसं वाटलो का, तात्या? आंब्याची कलमं लावलीत यंदा. पहिला पाड लागू द्या, पाटीभर घेऊनच येते."