अण्णांचा हात

सोनोग्राफी शिकायला मी पुण्याहून बेंगळूरला आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी डॉ. रंगरावांनी माझ्या हातात मशीनऐवजी ओला साबण दिला. "फिरव पोटावर. तुझ्याच."

"कशाला, सर?"

"सर नको, अण्णा म्हण. दाबलास की निसटतो, सैल सोडलास की पडतो. जेली लावलेल्या प्रोबचं तसंच."

प्रोब म्हणजे पेशंटच्या पोटावरून फिरवायचा तो मुठीएवढा दांडा. पडद्यावरचं चित्र त्याच्यातूनच येतं. अण्णांचं घराणं कैक पिढ्या चामराजपेटेतलं, त्यामुळे मराठीत कन्नड मुरलेलं. "करंगळी पेशंटच्या अंगाला टेकव. स्वल्प कलव. सरकवणं, कलवणं, फिरवणं, एका वेळी एकच." क्लिनिकबाहेरही हे थांबत नसे. जयनगरला एका लग्नात त्यांनी पंगत अडवून सांबार वाढणाऱ्याला पळी धरायला शिकवलं. "मुठीत नको, बोटांत." त्यानं बिचाऱ्यानं बोटांत धरली आणि शेजारच्या मामांच्या धोतरावर सांबार सांडलं. अण्णा शांतपणे म्हणाले, "करंगळी टेकवली नाही त्यानं."

पुढे पुढे ते बरेचसे पेशंट माझ्याकडेच देऊ लागले. मला वाटलं, विश्वास बसला. मग एकदा ते स्वतः तपासत असताना एका गरोदर बाईनं पडद्याकडे बघत विचारलं, "बाळाला थंडी वाजतेय का?"

चित्र थरथरत होतं. मी अण्णांच्या हाताकडे पाहिलं.

"मशीन जुनं झालंय," म्हणत त्यांनी प्रोब माझ्याकडे दिला. बाई गेल्यावर हात पुसत म्हणाले, "कंपवात आहे. वाढतच जाणार म्हणतात. मालाला कळू देऊ नकोस. सातवा लागलाय तिला."

माला त्यांची एकुलती एक लेक. आई नव्हती, तरी पहिल्या बाळंतपणाला हट्टानं माहेरीच आली होती.

पुढच्या आठवड्यात ते तिला घेऊन आले. "तू कर," मला म्हणाले.

ती हिरमुसली. "अप्पा, माझं बाळ तुम्हीच बघणार होतात ना?"

"आपल्या माणसाचं आपण बघू नये गं."

मी प्रोब ठेवला. बाळ छान होतं. अण्णा तिच्या उशाशी हात पाठीमागे बांधून उभे होते. पडद्यावर हृदयाचे ठोके दिसले, तशी पडद्यावरची नजर न काढता तिनं हात मागे नेला आणि चाचपडत त्यांचा हात ओढून घेतला.

"अप्पा, किती थरथरताय," ती हसली. "सगळं ठीक आहे. घाबरता कशाला?"

अण्णांनी हात सोडवून घेतला नाही.

"बाप आहे गं," ते म्हणाले. "भीती वाटतेच."